‘गेट’ कसे वाचावे, कसे वापरावे

‘गेट’ म्हणजे मिळणे, असे पाठ केलेले असते आणि मग पहिल्याच पानावर ‘इट इज गेटिंग डार्क’ असे वाक्य समोर येते, ज्यात कोणाला काहीच मिळत नाही, नुसता अंधार पडत असतो. दोन ओळी पुढे कोणी ‘गॉट होम’, म्हणजे घरी पोहोचलेला असतो, आणि तोच माणूस नंतर ‘आय डोन्ट गेट यू’ असे म्हणतो, म्हणजे समोरच्याचे बोलणे त्याला समजलेले नसते. शब्दकोश उघडावा तर अर्थांची यादी इतकी लांब असते की शोधणारा चौथ्या-पाचव्या अर्थावर थकतो. इथे ती यादी द्यायची नाही. ती पाठ न करता वाक्यातला नेमका अर्थ कसा काढावा आणि हे क्रियापद आपल्या वाक्यात कसे बसवावे, एवढेच सांगायचे आहे.

आधी एक खुलासा केलेला बरा. फाटकाचे ‘गेट’ आणि हे ‘गेट’ देवनागरीत हुबेहूब सारखे दिसतात, पण फाटकाच्या शब्दातला स्वर लांबवायचा असतो आणि या शब्दातला आखूड, तोडून म्हणायचा असतो. याचे भूतकाळी रूप ‘गॉट’. तिसरे रूप ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’ आणि अमेरिकन इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘गॉटन’. त्याविषयी पुढे बोलू.

शब्दाचे मूळ माहीत असले की त्याचे निम्मे अर्थ आपोआप जागेवर बसतात. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्थायिक झालेल्या व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेटा’ असे क्रियापद होते, त्याचा अर्थ मिळवणे, हस्तगत करणे. ते साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजीत रुळले. जुन्या इंग्रजीत त्याचे भावंड होते, पण ते एकटे फारसे वावरत नसे, दुसऱ्या शब्दांना चिकटून राही. ‘फरगेट’ हा त्यातलाच एक शब्द, म्हणजे जे धरले होते ते हातून निसटणे. आणखी मागे गेल्यास ‘धरणे, पकडणे’ अशा अर्थाच्या ज्या धातूपाशी आपण पोहोचतो, त्याच धातूपासून लॅटिनमार्गे ‘कॉम्प्रिहेन्ड’, म्हणजे आकलन होणे, हा शब्द आला. ‘आय गेट इट’मध्ये ‘समजणे’ कुठून आले, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आपल्या ‘ग्रहण करणे’कडे पाहावे. हाताने धरायचे तेही ग्रहण आणि बुद्धीने धरायचे तेही ग्रहण.

‘लागणे’ ज्याला येते, त्याला ‘गेट’ अवघड नाही

असा शब्द मराठी माणसाला नवा नाही. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, सवय लागते, फोन लागतो, दिवे लागतात, मुहूर्त लागतो, वाट लागते, आणि ‘जावे लागते’मध्ये तर हेच क्रियापद सक्तीचा अर्थ घेऊन बसते. यातले काहीही आपण पाठ केलेले नाही. ‘लागणे’ला स्वतःचा असा अर्थ जेमतेम असतो आणि उरलेला शेजारचा शब्द पुरवतो, हे आपल्याला कोणी न सांगता कळते. ‘गेट’चेही असेच आहे. फरक इतकाच की मराठीत तो शेजारी डावीकडे असतो आणि इंग्रजीत उजवीकडे, म्हणून ‘गेट’ दिसताच डोळा तिथे न थांबवता पुढच्या शब्दावर न्यावा, ही पहिली आणि सर्वांत उपयोगाची सवय.

दुसरा फरक याहून खोल आहे. मराठीत गोष्टी माणसाकडे चालत येतात. मला राग येतो, मला नोकरी लागते, मला पत्र मिळते. माणूस ‘मला’ होऊन एका बाजूला उभा असतो आणि वाक्याचा कर्ता राग, नोकरी किंवा पत्र असते. ‘गेट’ असलेल्या इंग्रजी वाक्यात बहुधा माणूसच कर्त्याच्या जागी बसतो, मग त्याने काही केलेले असो वा नसो. म्हणून मराठी वाक्य मनात असेल तेव्हा आधी ‘मला’चे ‘आय’ आणि ‘तिला’चे ‘शी’ करावे, आणि मगच क्रियापदाकडे वळावे. ‘मला राग आला’चे ‘आय गॉट अँग्री’ होते, ‘तिला सर्दी झाली’चे ‘शी गॉट अ कोल्ड’, ‘मला त्याची सवय लागली’चे ‘आय गॉट यूज्ड टू इट’, ‘अखेर फोन लागला’चे ‘आय फायनली गॉट थ्रू’, आणि ‘त्या कामाला मुहूर्तच लागला नाही’चे ‘आय नेव्हर गॉट अराउंड टू इट’. या शेवटच्या वाक्याला मराठीत इतका चपखल जोडीदार असताना अनुवादात ‘मला ते करण्यासाठी वेळ काढता आला नाही’ असे लांबण लावलेले दिसते, तेव्हा वाईट वाटते.

मात्र ‘लागणे’ दिसले की ‘गेट’ ठोकून द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. वेळ लागतो तिथे इंग्रजीला ‘टेक’ हवे असते आणि आग लागते तिथे ‘कॅच’. दोन्ही शब्दांचा स्वभाव सारखा आहे, प्रदेश वेगळे आहेत.

उजवीकडचा शेजारी पाहावा

‘गेट’च्या पुढे नाम असेल तर अर्थ मिळणे, मिळवणे किंवा आणणे यांपैकी असतो, आणि इथे एक अडचण अशी की इंग्रजी वाक्य आपल्याला यांतला एक निवडून देत नाही. ‘आय गॉट द की’ या वाक्यात किल्ली कोणी हातात दिली, शोधल्यावर सापडली, की जाऊन आणली, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला ते सांगण्याची गरज वाटत नाही. मराठीत मात्र ‘मिळाली’, ‘मिळवली’ आणि ‘आणली’ यांतून निवड केल्याशिवाय वाक्य पुरेच होत नाही. अशा वेळी आधीचे वाक्य वाचावे, कारण उत्तर तिथेच असते. नामे दोन असतील, जसे ‘गेट मी अ चेअर’, तर संशय उरत नाही: जाऊन आणून दे. नाम आजाराचे असेल तर लागण होणे. नाम ‘जोक’, ‘पॉइंट’ किंवा ‘आयडिया’ अशा जातीचे असेल तर समजणे. विनोद कोणाच्या हातात पडत नसतो.

पुढे विशेषण आले की अर्थ ‘होणे’. पण हे ‘होणे’ म्हणजे एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे मी दमलेलो आहे, आणि ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’ म्हणजे मी दमत चाललो आहे. ‘चालणे’ किंवा ‘लागणे’ जोडून आपण जी छटा आणतो, तीच ही. ‘शी इज मॅरिड’ आणि ‘शी गॉट मॅरिड’ यांत नेमका हाच भेद आहे: पहिल्यात ती विवाहित आहे, दुसऱ्यात तिचे लग्न झाले. (जोडीदाराचे नाव पुढे सांगायचे तर ‘टू’ वापरावे, ‘विथ’ नव्हे, ‘च्याशी’ या प्रत्ययामुळे मराठी भाषकाची ही चूक हमखास होते.) आणि एक मर्यादा इथे लक्षात ठेवावी. ‘होणे’ हे क्रियापद नामालाही चालते, ‘गेट’ चालत नाही. ‘तो डॉक्टर झाला’ याचे ‘ही गॉट डॉक्टर’ होत नाही, ‘ही बिकेम अ डॉक्टर’ असेच म्हणावे लागते.

पुढे स्थळ आले तर पोहोचणे. ‘गेट टू द स्टेशन’मध्ये ‘टू’ हवा, पण ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्यापूर्वी तो घालू नये. आपणही ‘घरी पोहोचलो’ म्हणतो, ‘घराला पोहोचलो’ म्हणत नाही. पुढे ‘गोइंग’, ‘टॉकिंग’ अशी रूपे आली तर सुरुवात होणे; त्यात फारसे सांगण्यासारखे नाही.

आता हे सगळे एकाच वाक्यात पाहू. ‘आय गॉट द मेसेज लेट, गॉट ड्रेस्ड, गॉट टू द स्टेशन बाय सिक्स, गॉट द लास्ट ट्रेन, गॉट ऑफ ॲट द राँग स्टॉप अँड गॉट सोक्ड बिफोर आय गॉट होम.’ मराठीत: निरोप मला उशिरा मिळाला; मी कपडे चढवले, सहापर्यंत स्टेशन गाठले, शेवटची गाडी पकडली, भलत्याच थांब्यावर उतरलो आणि घरी पोहोचेपर्यंत चिंब भिजलो. सात वेळा ‘गॉट’ आणि मराठीत सात निरनिराळी क्रियापदे. प्रत्येक ठिकाणी अर्थ कोणी ठरवला ते बोट ठेवून पाहावे: निरोप, पेहराव, स्टेशन, गाडी, ‘ऑफ’ हा छोटा शब्द, भिजण्याचे रूप आणि घर. ‘गॉट’ने स्वतः एवढेच सांगितले की आधी नसलेली स्थिती आता आली.

‘गॉट टू’चा चकवा

‘टू’ आणि त्यापुढे क्रियापद, ही रचना स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात दोन जवळजवळ विरुद्ध अर्थ राहतात. ‘आय गॉट टू सी हिम’ म्हणजे मला त्याला पाहायला मिळाले. ‘पाहायला मिळणे’ ही आपली रचना आणि ही इंग्रजी रचना इतकी तंतोतंत जुळते की अनुवादकाला काही करावेच लागत नाही. दोन्हीकडे संधी लाभल्याचे सुख आहे. पण ‘आय हॅव गॉट टू सी हिम’ म्हणजे मला त्याला भेटलेच पाहिजे, आणि इथे सुखाचा प्रश्न नाही, गरज आहे. घोटाळा होतो तो बोलण्यात, कारण तिथे ‘हॅव’ गळून पडते, ‘गॉट टू’चे ‘गॉटा’ होते, आणि लिहिताना कोणी ते पुन्हा ‘गॉट टू’ असे लिहिले की दोन्ही वाक्ये अक्षराला अक्षर सारखी होतात.

ओळखण्याची खूण काळात आहे. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असे काही आजूबाजूला असेल तर ती लाभलेली संधी. ‘आता’, ‘उद्या’ किंवा काही घाई सूचित होत असेल तर ती निकड. ‘आय गॉट टू गो’ एवढेच म्हणून कोणी उठून उभा राहिला, तर त्याला कुठे तरी जायला मिळाले म्हणून त्याचे अभिनंदन करू नये.

याच रचनेत ‘नो’ किंवा ‘लाइक’ आले की ‘हळूहळू’ची छटा येते. ‘आय गॉट टू नो हर’ म्हणजे माझी तिची ओळख वाढत गेली.

झाले, करून घेतले, करायला लावले

एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद तपासण्याचे काम एकदा माझ्याकडे आले होते. मूळ सूचना अशी होती की पट्टा ‘गेट्स लूज’ तर ‘गेट इट टाइटन्ड बाय अ टेक्निशियन’. अनुवादात लिहिले होते: ‘पट्टा सैल मिळाल्यास तंत्रज्ञाकडून घट्ट मिळवा.’ वाचून हसू आले, पण चूक करणाऱ्याचा तर्क समजण्यासारखा होता, त्याने ‘गेट’ म्हणजे मिळणे हा पाठ इमानाने गिरवला होता. पहिल्या ‘गेट’पुढे विशेषण आहे, म्हणून ‘सैल झाल्यास’. दुसऱ्याची रचना वेगळी आहे: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. या रचनेचा मराठी जोडीदार ‘करून घेणे’. पट्टा सैल झाल्यास तो तंत्रज्ञाकडून घट्ट करून घ्यावा.

हीच रचना नको असलेल्या प्रसंगालाही लागते आणि तिथे ‘करून घेणे’ हास्यास्पद ठरते. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ या वाक्यात त्याने बोट दारात अडकवून घेतलेले नाही, ते अडकले आहे. इथे व्याकरण मदतीला येत नाही, व्यवहारज्ञान येते. घडलेली गोष्ट कोणी मुद्दाम करवून घेईल का, एवढा प्रश्न विचारावा. छप्पर कोणीही दुरुस्त करून घेईल, बोट कोणी चिमटवून घेणार नाही.

वस्तूच्या जागी माणूस आला तर त्याच्यापुढे ‘टू’ घालणे विसरू नये: ‘आय गॉट हिम टू साइन’. याच्या जवळपास ‘आय मेड हिम साइन’ आणि ‘आय हॅड हिम साइन’ अशी आणखी दोन वाक्ये आहेत, त्यांत ‘टू’ नाही, आणि तिन्हींची सरमिसळ होऊन ‘गॉट हिम साइन’ असे भलतेच काहीतरी तयार होते. अर्थाने तिघे वेगळे आहेत. ‘मेड’मध्ये सक्ती आहे: त्याला सही करायला लावली. ‘गॉट’मध्ये मनधरणी किंवा खटपट आहे: त्याच्याकडून सही करून घेतली. ‘हॅड’मध्ये दोन्ही नाहीत, ते कामाच्या ओघात सांगितले आणि झाले.

उरली ती ‘गेट’ची कर्मणी रचना. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे खिडकी फुटलेली होती किंवा फोडली गेली. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटले की फुटण्याची घटना डोळ्यांपुढे येते आणि बहुधा ‘नको ते झाले’ असा सूर असतो. उलट चांगल्या गोष्टीला ही रचना लावली की खटपटीनंतर सुटल्याचा निःश्वास ऐकू येतो: ‘द हाउस गॉट बिल्ट’ म्हणजे घर बांधले गेले एवढेच नव्हे, घर झाले एकदाचे. हा ‘एकदाचे’ अनुवादात अवश्य ठेवावा, कारण ‘वॉज’ सोडून ‘गॉट’ लिहिणाऱ्याला तोच म्हणायचा होता. जाणणे, असणे, आवडणे अशा, घटना नसलेल्या क्रियापदांना मात्र ही रचना चालत नाही.

छोटे शब्द जोडले गेले की

‘अप’, ‘ऑन’, ‘ओव्हर’ असे शब्द जोडून होणारे वाक्प्रयोग पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे आपापल्या जागी शिकावे लागतात. तरी काही धागे हाती लागतात. ‘वेक अप’ म्हणजे जाग येणे आणि ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणे. या दोहोंत कित्येकांचा तासभर जातो. ज्या वाहनात उभे राहता किंवा चालता येते, म्हणजे बस, आगगाडी, जहाज, विमान, त्याला चढण्यासाठी ‘गेट ऑन’ आणि उतरण्यासाठी ‘गेट ऑफ’. मोटारीत मात्र वाकून शिरावे लागते, म्हणून ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. सायकल आणि घोडा यांवर आपण बसतो, म्हणून तिथे पुन्हा ‘ऑन’.

लाक्षणिक प्रयोगांत अडथळा ओलांडल्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःखातून किंवा आजारातून सावरणे, ‘गेट थ्रू’ म्हणजे कठीण काळ निभावून नेणे, ‘गेट बाय’ म्हणजे आहे त्यात भागवणे, ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे. ‘गेट अवे विथ’ला मराठीत फार छान क्रियापद आहे, ‘पचवणे’. गुन्हा करून शिक्षा चुकवणाऱ्याने तो पचवलेला असतो. ‘गेट लॉस्ट’च्या बाबतीत सावध असावे. वाक्याला कर्ता असेल तर वाट चुकणे, आणि नुसती आज्ञा असेल तर ‘चालता हो’.

लेखनात किती वापरावे

औपचारिक इंग्रजी लेखनात ‘गेट’ टाळावे असे बहुतेक शिक्षक सांगतात आणि ते बऱ्याच अंशी योग्य आहे. अर्जात किंवा अहवालात पत्र ‘रिसीव्ह’ केलेले, परवानगी ‘ऑब्टेन’ केलेली आणि परिस्थिती अमुक ‘बिकम’ झालेली शोभते. ‘गेट’ची कर्मणी रचना तर अशा लेखनात जवळजवळ नसतेच. पण हा सल्ला बोलण्याला लावला की बोलणे कडक इस्त्रीचे होते. घरी पोहोचल्यावर ‘आय अराइव्ह्ड ॲट माय रेसिडेन्स’ असे सांगणारा माणूस व्याकरणाने बरोबर असतो, पण ऐकणारा चमकून पाहतो. माझे मत असे की शिकणाऱ्याने आधी ‘गेट’ मोकळेपणाने वापरून रुळवावे आणि लेखनात ते गाळणे नंतर शिकावे.

गाळण्याची ही क्रिया तपासणीलाही उपयोगी पडते. एखाद्या ‘गेट’चा अर्थ लागत नसेल तर त्या जागी ‘रिसीव्ह’, ‘फेच’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ आणि ‘अंडरस्टँड’ हे शब्द एकामागून एक ठेवून पाहावेत. जो बसेल तो अर्थ. एकही बसला नाही तर पुढे छोटा शब्द जोडलेला आहे किंवा ती वर सांगितलेली ‘करून घेणे’ची रचना आहे, असे समजावे. सरावासाठी वहीचे पान उभे दुमडून डावीकडे दिवसभरात आपण बोललेली ‘मला’ने सुरू होणारी दहा वाक्ये लिहावीत, उजवीकडे त्यांतला ‘मला’ कर्त्याच्या जागी नेऊन इंग्रजी वाक्य करावे, आणि जिथे ‘गेट’ बसत नाही तिथे कोणते क्रियापद आले ते अधोरेखित करावे. थोड्याच दिवसांत अधोरेखित शब्दांमध्ये ‘टेक’, ‘कॅच’ आणि ‘फील’ हेच पुन्हा पुन्हा दिसू लागतात, म्हणजे ‘गेट’ची हद्द कुठे संपते ते आपल्याच वाक्यांतून दिसते.

‘गॉटन’चे राहिले होते. अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे मोटार आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणतो तेव्हा त्याने ती मिळवली आहे. म्हणजे सरसकट ‘गॉटन’ लिहिले की अमेरिकन इंग्रजी झाले, असे नाही. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीकडे ‘गॉट’ चालते, आणि ‘गॉटन’ ज्यांनी टाकून दिले त्या ब्रिटिशांनीही ‘फरगॉटन’ मात्र टाकलेले नाही. आपण दोन्हींपैकी कोणतेही वळण घ्यावे, फक्त एका लेखात एकच ठेवावे.